शवागारातला तरुण डॉक्टर : शिकणाऱ्यांसाठी भांडलेले रुडॉल्फ फिरखो

गेल्या पावसाळ्यात माझ्या मावशीच्या मानेत, डाव्या बाजूला गळ्याच्या हाडाच्या वर एक गाठ आली. डॉक्टरांनी तुकडा काढून बायोप्सीला पाठवला. रिपोर्ट चार दिवसांत मिळेल असं सांगितलं होतं, बारावा दिवस उजाडला तरी पत्ता नाही. हॉस्पिटलचं नाव घेत नाही, कारण अशी गोष्ट एका ठिकाणची नाही. शेवटी मीच विचारत विचारत तळमजल्यावरच्या पॅथॉलॉजी विभागात गेलो. व्हरांड्याच्या टोकाला शवागार, त्याच्या शेजारी ही खोली. आत एक मुलगी मायक्रोस्कोपला डोळे लावून बसली होती. एमडीच्या दुसऱ्या वर्षाची रेसिडेंट.

तिने स्लाइड शोधून दिली, सरांची सही व्हायची राहिली होती एवढंच. मग सहज बोलताना ती म्हणाली की त्या जागेवरच्या गाठीला डॉक्टर लोक एका माणसाच्या नावाने ओळखतात, कारण पोटातल्या कॅन्सरची पहिली खूण कधी कधी तिथे दिसते. मावशीची गाठ सुदैवाने क्षयाची निघाली, गोळ्या सुरू झाल्या, मावशी आता ठणठणीत आहे. पण त्या मुलीचं बोलणं डोक्यात राहिलं. तिच्या म्हणण्याप्रमाणे रेसिडेंट संपावर गेले की टीव्हीवर वॉर्डातले, कॅज्युअल्टीतले डॉक्टर दिसतात. पॅथॉलॉजीवाल्यांना कुणी विचारत नाही. पेशंटने त्यांना कधी बघितलेलं नसतं. त्यांच्या मागण्याही वेगळ्या असतात. शेजारी बसून एकच स्लाइड दोघांना बघता येईल असा मायक्रोस्कोप हवा, शिकवायला वेळ असलेले सर हवेत, आणि विभागाचं काही ठरतं तेव्हा शिकणाऱ्यांपैकी कुणीतरी त्या बैठकीत हवं. एवढंच.

मी कॉमर्सचा माणूस. मेडिकलचं मला काडीचं कळत नाही. पण ज्याच्या नावाची ती गाठ, त्याच्याबद्दल वाचायला घेतलं आणि थक्क झालो. हीच मागणी, जवळपास याच शब्दांत, त्या माणसाने १८४८ साली केली होती. तोही तेव्हा पॅथॉलॉजीतला पोरगाच होता, आणि त्याचीही खोली शवागारातच होती. त्यात आपल्या सीमाभागातल्या माणसाला जवळचा वाटेल असा एक धागा निघाला. म्हणून हा लेख.

माणसाचं नाव रुडॉल्फ फिरखो. आपल्याकडचे डॉक्टर इंग्रजी स्पेलिंग वाचून विरचो म्हणतात, जर्मन उच्चार फिरखोच्या जवळ जातो.

जन्म १३ ऑक्टोबर १८२१ चा, प्रशिया राज्यातल्या पोमेरेनिया प्रांतातल्या शिवेलबाइन या लहान गावात. हे गाव आज पोलंडमध्ये आहे आणि त्याचं नावही बदललंय. गाव जागेवरच राहिलं आणि सरहद्द त्याच्या डोक्यावरून सरकली. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या वाचकाला हे फोड करून सांगायला नको. वडील थोडीफार शेती करायचे आणि नगरपालिकेचा खजिना सांभाळायचे. एकुलता एक मुलगा. अभ्यासात पहिला, भाषांची आवड. आधी धर्मोपदेशक व्हायचं त्याच्या मनात होतं, पण आवाज बारीक, प्रवचनाला चालणार नाही म्हणून तो नाद सोडला.

घरची परिस्थिती बेताची. अशा मुलांसाठी बर्लिनमध्ये एक सोय होती. लष्कराची वैद्यकीय संस्था. शिक्षण फुकट, बदल्यात नंतर लष्करात नोकरी करायची. १८३९ मध्ये तो तिथे दाखल झाला. आपल्याकडे आज सरकारी कोट्यातल्या मुलांना बाँड लिहून द्यावा लागतो, तसलाच हा प्रकार म्हणायचा. १८४३ मध्ये डॉक्टर होऊन ते बर्लिनच्या शारिटे हॉस्पिटलात कनिष्ठ डॉक्टर म्हणून रुजू झाले. शारिटे म्हणजे मूळचं गोरगरिबांचं धर्मादाय हॉस्पिटल. हजारो पेशंट, म्हणजे मृत्यूही तेवढेच.

१८४४ मध्ये त्यांना रोबेर्ट फ्रोरिएप यांच्या हाताखाली काम मिळालं. फ्रोरिएप हे हॉस्पिटलचे शवविच्छेदक. मेलेल्या पेशंटचं शरीर उघडून नेमकं काय झालं होतं ते बघायचं, हे त्यांचं काम. त्या काळात या खात्याला मान नव्हता. मोठे डॉक्टर वॉर्डात राउंड घ्यायचे, निदान सांगायचे, आणि खाली शवागारात एक जण हात रक्ताने माखून त्यांचं निदान बरोबर होतं की चूक ते तपासायचा. चूक निघाली तरी वर ऐकून घेणारं कोण? पण फिरखोंच्या हाती इथे मायक्रोस्कोप आला, आणि फ्रोरिएप नुसते साहेब नव्हते, शिकवणारे होते. चांगला शिकवणारा मिळाला की काय होतं ते पुढच्या दोन वर्षांत दिसलं.

१८४५ मध्ये चोवीस वर्षांच्या या पोराने एका पेशंटबद्दल लिहिलं, जिच्या रक्तात पांढऱ्या पेशींचा पूर आला होता. पुढे या आजाराला त्यांनीच ल्युकेमिया हे नाव दिलं, आज आपण त्याला ब्लड कॅन्सर म्हणतो. त्याच वर्षी स्कॉटलंडच्या जॉन ह्यूज बेनेट यांनीही असाच पेशंट नोंदवला होता, त्यामुळे पहिला कोण यावर पुढे वाद झाला. रक्ताची गुठळी एका ठिकाणी होते, सुटते आणि वाहत जाऊन फुप्फुसात अडकते, हेही त्यांनी प्रयोग करून दाखवलं. थ्रॉम्बोसिस आणि एम्बॉलिझम हे दोन्ही शब्द त्यांचे. आज हार्टच्या किंवा लकव्याच्या पेशंटच्या फाइलवर हे शब्द सगळ्यांनी वाचलेले असतात.

१८४५ मध्येच संस्थेच्या समारंभात त्यांना भाषणाला उभं केलं. समोर लष्करी डॉक्टर, मोठमोठे अधिकारी. त्यांनी सांगितलं की जीवन समजून घ्यायचं तर गूढ शक्तींच्या गोष्टी बंद करा, शरीरात घडतं ते भौतिक आणि रासायनिक नियमांनीच घडतं, म्हणून बघा, मोजा, प्रयोग करा. ज्येष्ठ मंडळींच्या कपाळाला आठ्या. पुढच्या वर्षी तर त्यांनी व्हिएन्नाच्या रोकिटान्स्की यांच्या ग्रंथावर कडक टीका केली. रोकिटान्स्की म्हणजे त्या काळचे या शास्त्रातले सगळ्यात मोठे नाव. आणि गंमत अशी की रोकिटान्स्कींनी पुढच्या आवृत्तीत टीका झालेला सिद्धांत काढून टाकला. असा मोठेपणा दाखवणारे वरिष्ठ फार थोडे.

१८४६ मध्ये फ्रोरिएप गेले आणि त्यांची जागा फिरखोंना मिळाली. लगेच त्यांनी तरुण डॉक्टरांसाठी वर्ग सुरू केले. पाठांतराचे नाही, टेबलाभोवती उभं राहून बघायचे. त्यांचे लेख मात्र जुनी मासिकं छापेनात. मग १८४७ मध्ये बेन्नो राइनहार्ट या तितक्याच तरुण मित्राला घेऊन त्यांनी स्वतःचं नियतकालिक काढलं. राइनहार्ट पाचच वर्षांत गेले, पण ते नियतकालिक फिरखोंच्या नावाने आजही निघतं. पावणेदोनशे वर्षं झाली त्याला.

आता त्या धाग्याकडे येतो.

१८४७ च्या पावसाने अप्पर सायलेशिया या प्रशियाच्या सरहद्दीवरच्या भागात पीक बुडालं. बटाटा कुजला. उपासमार सुरू झाली आणि मागोमाग टायफसची साथ. हा टायफॉइड नव्हे, उवांमधून पसरणारा वेगळा ताप. उवांचं कारण मात्र त्या वेळी कुणालाच ठाऊक नव्हतं. माणसं हजारोंनी मरत होती, वर्तमानपत्रं ओरडत होती, तेव्हा कुठे सरकारने वरिष्ठ वैद्यकीय अधिकारी बारेझ यांना चौकशीला पाठवलं. बरोबर शास्त्रीय तपासणीसाठी फिरखो. वय २६. फेब्रुवारी १८४८ च्या वीस तारखेला ते निघाले आणि जेमतेम तीन आठवडे राहिले. रिब्निक आणि प्लेस हे तालुके फिरले, झोपड्यांत गेले, मृतदेह तपासले.

सरकारला अपेक्षा काय असणार? हवा खराब, पाणी खराब, अमुक औषध द्या, असा एक कागद. फिरखोंनी जवळपास दोनशे पानं लिहिली आणि ती आपल्याच नियतकालिकात छापली. त्यात तापाची लक्षणं आहेत, शवविच्छेदनं आहेत, पण मुख्य मुद्दा वेगळाच. त्या भागातले लोक पोलिश बोलणारे, आणि त्यांच्यावर कारभार चालायचा जर्मनमधून. अधिकारी, मास्तर, डॉक्टर यांतल्या पुष्कळांना लोकांची भाषा येत नव्हती. शाळा असून शिक्षण नाही, दवाखाना असून बोलणं नाही. जमीनदार लांब शहरात राहून पैसा उचलणारे, चर्चचा पगडा, रस्ते नाहीत, आणि सरकारची मदत पोचली ती कागद फिरून फिरून माणसं मेल्यावर.

म्हणून उपाय त्यांनी लिहिले ते असे. लोकांना स्वतःचा कारभार स्वतः करू द्या. शिक्षण द्या. करांचा बोजा गरिबांवरून उचलून श्रीमंतांवर ठेवा. रस्ते बांधा, शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था काढा, चर्चला राज्यकारभारातून वेगळं करा. आणि पोलिश भाषेला सरकारी भाषेचा दर्जा द्या.

हे तापाच्या साथीवरच्या वैद्यकीय अहवालात! मी ते वाचलं तेव्हा चहा थंड झाला. आपल्याकडे सातबारा, परिपत्रक, दवाखान्यातला फलक आपल्या भाषेत मिळावा ही मागणी पिढ्यान्‌पिढ्या चाललीय, आणि त्याकडे भावनेचा किंवा राजकारणाचा प्रश्न म्हणून बघितलं जातं. एका पॅथॉलॉजिस्टने ती आरोग्याची मागणी म्हणून मांडली. आजाऱ्याला सांगता येत नाही, डॉक्टरला समजत नाही, तिथे रोग माजतो, इतका साधा हिशेब. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्या अहवालात त्यांनी पोलिश लोकांच्या अस्वच्छतेबद्दल आणि आळसाबद्दल जे लिहिलंय ते वाचवत नाही. बर्लिनच्या साहेबाची नजर त्यांच्यातही होतीच. फरक एवढा की त्यांनी त्याचा दोष रक्ताला किंवा जातीला न देता राज्यकारभाराला दिला.

ते बर्लिनला परतले आणि आठवड्याभरात, १८ मार्चला, शहरात क्रांती पेटली. रस्त्यात अडथळे उभे राहिले. फिरखोही त्यांत होते, हातात एक पिस्तूल, ज्याची गोळी फार लांब जात नव्हती. लढाईत त्यांनी काही पराक्रम गाजवला असं कुणी म्हणत नाही.

त्यांची खरी लढाई सुरू झाली जुलैत. १० जुलै १८४८ रोजी त्यांनी आणि त्यांचे मित्र रुडॉल्फ लॉयबुशर यांनी वैद्यकीय सुधारणा या अर्थाच्या नावाचं साप्ताहिक काढलं. आरोग्य हा प्रत्येक नागरिकाचा हक्क आहे, सरकारला आरोग्याचं स्वतंत्र खातं पाहिजे, गरिबाला डॉक्टर निवडता आला पाहिजे, हे त्यात होतंच. पण पुष्कळ पानं खर्ची पडली ती डॉक्टर कसे घडवायचे आणि कोण कुणाला नेमतो या विषयावर. इथेच ती तळमजल्यावरची मुलगी मला आठवत राहिली.

तेव्हाची रीत काय होती ते आधी बघू. प्रोफेसर कोण होणार ते मंत्रालय ठरवायचं, ओळखीपाळखीवर. शारिटेतल्या कनिष्ठ डॉक्टरांच्या जागा मुख्यत्वे लष्करी संस्थेतल्या मुलांसाठी राखीव. बाहेरून शिकून आलेला मुलगा कितीही हुशार असो, मोठ्या हॉस्पिटलात हात चालवायची संधी त्याला नाही. डॉक्टरांतही पायऱ्या. वरचा शिकलेला वैद्य, खाली पहिल्या दर्जाचा शल्यकर्मी, त्याखाली दुसऱ्या दर्जाचा. शिक्षणात भाषणं भरपूर आणि प्रत्यक्ष काम थोडं. विद्यापीठात फी घेऊन शिकवणारे तरुण व्याख्याते खूप, पण कारभारात त्यांना मत नाही.

फिरखोंचं म्हणणं, सरळ मराठीत सांगायचं तर, असं. हॉस्पिटलातल्या जागा उघड स्पर्धेने भरा, सर्वांसमोर परीक्षा घेऊन. शिकण्याच्या जागा ठराविक मुदतीच्या ठेवा, म्हणजे एकच माणूस खुर्ची अडवून बसणार नाही आणि पुढच्याला शिकायला मिळेल. प्रोफेसरही स्पर्धेतूनच निवडा. भाषणं कमी करा, टेबलाशी आणि खाटेशी शिकवा. डॉक्टरांचे दर्जे मोडा, सगळ्यांना एकच शिक्षण आणि एकच परीक्षा. आणि नियम करताना डॉक्टरांचं स्वतःचं मंडळ विचारात घ्या, वरून फर्मान काढू नका.

लक्षात घ्या, लष्करी संस्थेच्या राखीव जागेचा फायदा त्यांना स्वतःला मिळाला होता. ज्या शिडीने वर आलो ती शिडी सगळ्यांसाठी खुली करा असं सांगणारा माणूस विरळाच. आम्ही पत्रकारितेत बघतो ना, संघटनेचा पुढारी स्वतः कायम झाला की कंत्राटी पोरांचं नाव काढत नाही.

साप्ताहिक वर्षभर चाललं. तोवर वारं फिरलं. राजाने संसद मोडली, क्रांती थंडावली, आणि हिशेब चुकते करायची वेळ आली. मार्च १८४९ च्या अखेरीस मंत्र्याने फिरखोंना शारिटेतून निलंबित केलं. कारण राजकारण. निवडणुकीच्या पत्रकावर त्यांची सही होती. बर्लिनच्या डॉक्टरांनी आणि विद्यार्थ्यांनी निषेध केला, त्यावर त्यांना परत घेतलं, पण कसं? वाटेल तेव्हा काढता येईल अशा बोलीवर, आणि हॉस्पिटलातली राहण्याजेवणाची सोय काढून. अपमान करण्याची ही पद्धत सरकारी खात्यांना जगभर सारखीच सुचते. क्वार्टर काढून घ्यायचं.

जूनच्या शेवटी साप्ताहिक बंद झालं. बावन्न अंक.

योग असा की बव्हेरियातल्या वुर्झबर्ग विद्यापीठाला पॅथॉलॉजीचा प्रोफेसर हवा होता. केवळ या विषयासाठी जर्मनीत स्थापन झालेलं पहिलं अध्यासन. तिथल्या सरकारलाही धाकधूक होतीच, हा बंडखोर इथे येऊन काय करील. फिरखोंनी राजकारणाचा आखाडा करणार नाही असं कळवलं आणि नोव्हेंबर १८४९ मध्ये ते रुजू झाले. वयाच्या २८ व्या वर्षी प्रोफेसर. काही लोकांना ही माघार वाटते. मला नाही वाटत. घर चालवायचं होतं, १८५० मध्ये त्यांनी बर्लिनच्या डॉक्टर कार्ल मायर यांच्या रोझे या मुलीशी लग्न केलं, पुढे सहा मुलं झाली. आणि भांडण सोडलं म्हणावं तर पुढचा सगळा इतिहास उलटंच सांगतो.

वुर्झबर्गची सात वर्षं शांततेची आणि सर्वात फळाची. प्रत्येक पेशी आधीच्या पेशीतूनच येते, आणि रोग म्हणजे बाहेरून शिरलेलं भूत नसून शरीरातल्या पेशींच्याच कामकाजात झालेला बिघाड, हा विचार त्यांनी इथे बांधला. आजची अख्खी बायोप्सी या एका कल्पनेवर उभी आहे. तुकडा घ्या, पेशी बघा, रोग ओळखा.

इथे एक डाग नोंदवलाच पाहिजे. पेशी विभागून पेशी होते हे त्यांच्या आधी रोबेर्ट रेमाक यांनी दाखवलं होतं. रेमाक पोझेनचे, पोलिश प्रदेशातले, ज्यू. ज्यू म्हणून त्यांना विद्यापीठात पूर्ण प्रोफेसर कधीच केलं नाही. फिरखोंनी त्यांचा विचार उचलला आणि श्रेय नीट दिलं नाही. प्रतिनिधित्वाबद्दल इतकं बोलणाऱ्या माणसाकडून हे व्हावं, वाईट वाटतं.

१८५६ मध्ये बर्लिनने त्यांना परत बोलावलं. ज्या सरकारने क्वार्टर काढून घेतलं होतं, त्याच प्रशियाच्या सरकारने. फिरखोंनी अट घातली. शवागाराच्या कोपऱ्यात बसणार नाही. शारिटेच्या आवारात पॅथॉलॉजीची स्वतंत्र संस्था बांधा, तिथे प्रयोगशाळा हवी, शिकवण्याची दालनं हवीत. सरकारने मान्य केलं. सात वर्षांपूर्वी कागदावर मागितलेल्या गोष्टी आता विटांत मिळाल्या. १८५८ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये त्याच संस्थेत त्यांनी वीस व्याख्यानं दिली. समोर बसले होते ते बहुतेक शहरात प्रॅक्टिस करणारे डॉक्टर, जे शिक्षण संपल्यावर पुन्हा शिकायला आले होते. ती व्याख्यानं लघुलिपीत उतरवून घेतली आणि त्याच वर्षी पुस्तक निघालं, सेल्युलर पॅथॉलॉजी नावाने जगभर गाजलेलं.

तिथलं शिकवणं कसं चालायचं? विद्यार्थी लांब टेबलांशी बसलेले. टेबलावर छोट्या रेल्वेसारखे रूळ. त्यांवरून मायक्रोस्कोप एकाकडून दुसऱ्याकडे सरकत जायचे, म्हणजे प्रत्येकाने स्लाइड स्वतःच्या डोळ्यांनी बघितलीच पाहिजे. मागच्या बाकावरचाही सुटायचा नाही. कॅनडाचा विल्यम ऑस्लर नावाचा तरुण १८७३ च्या हिवाळ्यात तिथे शिकला. पुढे अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलात, १८८९ नंतर, त्याने आणि सहकाऱ्यांनी पदवीनंतर हॉस्पिटलात राहूनच टप्प्याटप्प्याने शिकायची जी पद्धत बसवली ती जर्मनीतल्या या असिस्टंट लोकांच्या धर्तीवर. रेसिडेंट हा शब्द आपल्याकडे रुळला त्याचं मूळ तिकडे आहे. आज मार्डचा संप, गोव्यात गार्डचं निवेदन अशा बातम्या आम्ही देतो, त्यातला निवासी डॉक्टर हा त्या परंपरेचा.

फिरखोंच्या हाताखालचे असिस्टंट तर त्यांचं सर्वात मोठं काम म्हणावं लागेल. रेकलिंगहाउझेन, क्लेब्स, कोनहाइम. एकेक जण पुढे कुठल्या ना कुठल्या विद्यापीठात प्रोफेसर झाला. मुदतीची जागा, भरपूर काम, मग वर जा, हे त्यांनी स्वतःच्या विभागात तरी पाळलं. शवविच्छेदन कोणत्या क्रमाने, कोणता अवयव कसा काढून करायचं याचं छोटं पुस्तक त्यांनी १८७६ मध्ये लिहिलं, म्हणजे ते शिक्षण गुरूच्या मर्जीवर राहिलं नाही. त्यांच्या नावाची पद्धत आपल्या कॉलेजांतही शिकवतात.

अर्थात साहेब झाल्यावर ते प्रेमळ आजोबा झाले नाहीत. परीक्षेला बसणाऱ्या पोरांची पाचावर धारण बसायची, टोमणे तिखट असायचे. बाळंतिणीच्या तापावर हात धुण्याचा उपाय सांगणाऱ्या सेमेलवाइस यांचं त्यांनी ऐकलं नाही, तेही तरुण आणि सरहद्दीपलीकडचे होते. जंतूंमुळे रोग होतात हे मानायलाही त्यांनी उशीर लावला. चोविसाव्या वर्षी म्हाताऱ्यांना सुनावणारा माणूस साठीत काही बाबतीत स्वतः तसाच झाला.

राजकारण मात्र सुटलं नाही. १८५९ मध्ये बर्लिन महापालिकेत निवडून आले ते मरेपर्यंत, त्रेचाळीस वर्षं नगरसेवक. आपल्याकडे नगरसेवक म्हटलं की गटार आणि पाणी, आणि त्यांनीही तेच केलं, पण असं की बर्लिनचं आयुर्मान बदललं. १८७० च्या दशकात अभियंता होब्रेख्ट यांनी आखलेल्या भूमिगत गटार योजनेमागे ते ठाम उभे राहिले. नगरपालिकेची हॉस्पिटलं, डुकराच्या मांसातल्या कृमींसाठी मांसतपासणी, शाळांची स्वच्छता, सगळ्यात त्यांचा हात. १८६१ मध्ये प्रगती पक्षाच्या स्थापनेत होते, प्रशियाच्या विधिमंडळात गेले आणि तिथे थेट बिस्मार्कशी गाठ. १८६५ मध्ये चिडलेल्या बिस्मार्कने त्यांना द्वंद्वयुद्धाचं आव्हान दिलं. फिरखोंनी नकार दिला. यावरून कृमीवाल्या सॉसेजची एक मजेदार गोष्ट सांगतात, व्हॉट्सॲपवरही फिरते, पण ती दंतकथा आहे. पुढे १८८० ते १८९३ ते राइखस्टागमध्येही होते.

शिवाय जर्मनीतल्या सुमारे ६७ लाख शाळकरी मुलांच्या केसांची, डोळ्यांची, कातडीची नोंद त्यांनी करवून घेतली आणि शुद्ध जर्मन वंश वगैरे काही नसतं हे आकड्यांनी दाखवलं. आम्हा कॉमर्सवाल्यांना हे काम फार आवडण्यासारखं. पुढच्या पिढीने ते वाचलं असतं तर बरं झालं असतं.

१८९९ मध्ये, वयाच्या ७७ व्या वर्षी, त्यांनी शारिटेच्या आवारात आपलं संग्रहालय उघडलं. आयुष्यभर शवविच्छेदनातून जमवलेले वीस हजारांवर नमुने. ते कपाटात कुलूपबंद नव्हते. शिकणाऱ्यांसाठी होतेच, पण काही भाग सामान्य लोकांनाही बघायला खुला ठेवला होता.

४ जानेवारी १९०२ रोजी लाइपझिगर रस्त्यावर चालत्या विजेच्या ट्रामगाडीतून उतरताना ते पडले. ऐंशी वर्षांचा माणूस, पण थांबायची सवय नव्हती. मांडीचं हाड मोडलं. त्यातून ते पुरते उठलेच नाहीत आणि ५ सप्टेंबर १९०२ रोजी गेले. अंत्यसंस्कार बर्लिन शहराने केले.

त्यांच्या जागी संस्थेचा प्रमुख म्हणून योहानेस ओर्थ यांना आणलं. ते पूर्वी याच संस्थेत फिरखोंचे असिस्टंट होते.